शांघायचे ऐश्वर्य, गिरणगावचा पैसा

मुंबई-पुण्याच्या वाचकाला ‘ससून’ हे नाव नव्याने सांगावे लागत नाही. कुलाब्याची ससून गोदी, काळा घोडा परिसरातील डेव्हिड ससून ग्रंथालय, पुण्याचे ससून रुग्णालय आणि कॅम्पातील ‘लाल देऊळ’ या वास्तूंनी बगदादहून आलेल्या या ज्यू घराण्याचे नाव आपल्या नित्याच्या बोलण्यात कायमचे रुजविले आहे. मात्र या घराण्याचा अखेरचा मोठा व्यापारी, सर व्हिक्टर ससून, आपल्याकडे जवळजवळ विस्मरणात गेला आहे. त्यांचे नाव आज घेतले जाते ते शांघायमध्ये आणि तेही एका हॉटेलामुळे. हुआंगपू नदीच्या काठी, हिरव्या पिरॅमिडच्या छपराचे ‘कॅथे हॉटेल’ त्यांनी उभारले. पूर्वेकडील सर्वांत आलिशान हॉटेलांमध्ये त्याची गणना होत असे. त्याच्या संगमरवरात मुंबईच्या गिरणी कामगाराचा घाम किती मिसळलेला होता, हे मात्र तेथे उतरणाऱ्या पाहुण्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

दोन शहरांचे घराणे

डेव्हिड ससून बगदादमधील जाचाला कंटाळून इराणच्या बुशहर बंदरात आले आणि तेथून १८३२ मध्ये मुंबईत दाखल झाले. कापूस, कापड आणि माळव्याची अफू या तीन मालांवर त्यांच्या पेढीचा विस्तार झाला. मुंबई बंदरातून चीनकडे जाणाऱ्या अफूच्या व्यापारात ससून पेढी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अग्रभागी होती. आज या घराण्याच्या दानधर्माविषयी कृतज्ञतेने बोलताना त्या संपत्तीचा हा उगम नजरेआड करता येत नाही. डेव्हिड ससून यांचे १८६४ मध्ये पुण्यात निधन झाले. त्यांची समाधी लाल देवळाच्या आवारात आहे.

त्यांचे दुसरे चिरंजीव इलायस यांना वडिलांनी १८४४ मध्ये चीनला धाडले होते. इलायस यांनी १८६७ मध्ये वडिलोपार्जित पेढीतून बाहेर पडून ‘ई. डी. ससून आणि कंपनी’ ही स्वतंत्र पेढी काढली. या शाखेचा एक पाय मुंबईत आणि दुसरा शांघायमध्ये राहिला. इलायस यांचे पुत्र जेकब यांनी मुंबईत कापड गिरण्यांचे मोठे जाळे विणले. त्यांच्या नावाची गिरणी शहरातील सर्वांत मोठ्या गिरण्यांपैकी एक मानली जाई. १९०९ मध्ये जेकब यांना ब्रिटिश सरकारने बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी दिली. पदवीला मुंबईचे नाव जोडलेले होते. जेकब यांच्यानंतर ती त्यांचे बंधू एडवर्ड यांच्याकडे आली आणि १९२४ मध्ये एडवर्ड यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र व्हिक्टर हे तिसरे बॅरोनेट झाले.

लंगडणारा वैमानिक

एलिस व्हिक्टर इलायस ससून यांचा जन्म डिसेंबर १८८१ मध्ये इटलीतील नेपल्स येथे, आईवडील भारताच्या प्रवासात असताना झाला. पुढे ज्या माणसाचे आयुष्य हॉटेले, आगबोटी आणि शर्यतीची मैदाने यांत गेले, त्याला जन्मगावही वाटेतलेच मिळावे, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. शिक्षण इंग्लंडमध्ये हॅरो आणि केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज येथे झाले. विमान हे नवलाईचे यंत्र होते त्या काळात त्यांना उड्डाणाचे वेड लागले. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलात दाखल झाले. तेथेच विमान अपघातात त्यांचे पाय जायबंदी झाले आणि उर्वरित आयुष्य त्यांना काठ्यांच्या आधाराने चालावे लागले. एका डोळ्यावरची एकभिंगी काच, कोटाला लावलेले फूल आणि हातातील काठ्या ही त्यांची ओळखीची छबी.

युद्धानंतर ते मुंबईच्या कारभारात उतरले. गिरणी मालकांचे प्रतिनिधी म्हणून ते दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात दोन वेळा गेले. नावाच्या आद्याक्षरांवरून, म्हणजे ‘ई. व्ही. ई.’ या तीन अक्षरांवरून, त्यांनी स्वतःसाठी ‘ईव्ह’ हे टोपणनाव घेतले होते. त्याच नावाने त्यांचे घोडे मुंबई-पुण्याच्या शर्यतींत धावत. महालक्ष्मीच्या मैदानावर ‘ईव्ह चॅम्पियन’ या नावाचा करंडक पुढे अनेक वर्षे खेळला गेला. तो पाहणाऱ्या शौकिनांपैकी किती जणांना त्या नावामागचा माणूस माहीत असेल, हा प्रश्नच आहे.

संपाचे वर्ष

विसाच्या दशकाचा उत्तरार्ध मुंबईच्या कापडधंद्याला कठीण गेला. युद्धकाळातील भरघोस नफा ओसरला होता. जपानी कापडाची स्पर्धा वाढली होती. १९२७ मध्ये रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स असा ठरविण्यात आला. या चढ्या दरामुळे परदेशी माल स्वस्त होऊन देशी गिरण्यांचे नुकसान होते, असे मुंबईच्या मालकांचे म्हणणे होते. यावर ससून समूहाने शोधलेला उपाय होता कामगारांच्या कार्यक्षमतेचा. दोन मागांवर काम करणाऱ्या विणकराने तीन माग सांभाळावेत, सूतखात्यातील कामगाराने साच्याच्या एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात, अशी ही योजना. कागदावर ती सुटसुटीत दिसत असली तरी गिरणगावात तिचा अर्थ सरळ होता. तिघांचे काम दोघांवर येणार आणि तिसऱ्याला घरी बसावे लागणार.

१९२८ च्या सुरुवातीस ससून समूहाच्या गिरण्यांत या पद्धतीविरुद्ध संप झाला. एप्रिलच्या अखेरीस तो सर्व गिरण्यांत पसरला. सुमारे दीड लाख कामगार ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे पाच महिन्यांहून अधिक काळ, कामावर गेले नाहीत. याच संपात मे महिन्यात गिरणी कामगार युनियनचा जन्म झाला. अर्जुन आळवे, श्रीपाद अमृत डांगे ही नावे घरोघर पोहोचली ती तेव्हापासून. वाण्याची उधारी वाढत गेली, बायकांच्या अंगावरचे किडूकमिडूक गहाण पडले. ज्यांना शक्य होते ते कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी गेले. पावसाळाभर परळ-लालबागची धुराडी थंड होती.

पुढील वर्षी सरकारने भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला. त्यात मालकांच्या बाजूने सर व्हिक्टर होते, तर कामगारांच्या बाजूने नारायण मल्हार जोशी आणि चमनलाल. ज्या गिरण्यांतून संपाची ठिणगी उडाली त्यांचे मालक आणि कामगार चळवळीचे संयमी नेते एकाच मेजावर बसून साक्षी ऐकत होते. आयोगाचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर सर व्हिक्टर यांचा निर्णय झालेला होता. कर, राजकीय अस्थैर्य आणि कामगारांचा असंतोष यांना कंटाळून त्यांनी व्यवसायाचे केंद्र मुंबईहून शांघायला हलविण्याचे त्याच वर्षी जाहीर केले. गिरण्या त्यांनी लगेच विकल्या नाहीत, परंतु नवे भांडवल घालण्याचे ठिकाण त्यांच्या लेखी आता मुंबई उरले नव्हते.

नदीकाठचा पिरॅमिड

शांघाय त्या काळी एक विलक्षण शहर होते. १८४२ च्या नानकिंग तहानंतर परदेशी व्यापाराला खुल्या झालेल्या या बंदराचा गाभा ‘आंतरराष्ट्रीय वसाहत’ म्हणून ओळखला जाई. तेथील नगरपालिका परदेशी व्यापाऱ्यांच्या हाती होती. न्यायालये वेगळी होती आणि रस्त्यावर फेटेवाले शीख पोलीस वाहतूक सांभाळीत. नदीकाठच्या प्रशस्त रस्त्याला ‘बंड’ म्हणत. पुण्याच्या बंडगार्डनमध्ये असलेला हाच तो शब्द. बांध या अर्थाचा हा शब्द ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून उचलून चीनमध्ये नेला. त्याच बंडवरील सार्वजनिक उद्यानात सर्वसामान्य चिनी नागरिकाला १९२८ पर्यंत प्रवेश नव्हता.

या बंडवर, नानकिंग रस्त्याच्या नाक्याला, ‘ससून हाउस’ची इमारत संप होण्यापूर्वीच चढू लागली होती. पामर अँड टर्नर या वास्तुरचनाकार संस्थेने आर्ट डेको शैलीत तिचा आराखडा केला. नंतर मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर बहरलेली शैली ती हीच. खालच्या मजल्यांवर दुकाने आणि कार्यालये, वरच्या मजल्यांवर हॉटेल आणि सर्वांत वर तांब्याच्या पत्र्याने मढविलेला हिरवा पिरॅमिड अशी सुमारे ७७ मीटर उंचीची ही इमारत होती. १ ऑगस्ट १९२९ रोजी कॅथे हॉटेल सुरू झाले. मुंबईतील मोठा संप मिटून तेव्हा दहा महिने झाले होते.

आगबोटीने आलेला पाहुणा नदीवरील धक्क्यावर उतरे आणि काही मिनिटांत हॉटेलच्या दारात पोहोचे. आत संगमरवरी जमीन, घुमटाखालील गोल दालन आणि फ्रान्सहून आणविलेल्या लालिक काचेचे मंद दिवे. वर काही खास दालने निरनिराळ्या देशांच्या धर्तीवर सजविलेली होती. एक चिनी, एक जपानी, एक भारतीय. आठव्या मजल्यावर भोजनगृह आणि नृत्यगृह. खिडकीतून दिसे ती बोटींनी भरलेली हुआंगपू. पिरॅमिडखालील निवासस्थानात खुद्द सर व्हिक्टर राहत. शहरभर त्यांनी इमारती बांधल्या. पण स्वतःचा मुक्काम ठेवला तो हॉटेलात.

कॅथेच्या पाहुण्यांत नावाजलेली माणसे होती. इंग्रजी नाटककार नोएल कॉवर्ड १९३० मध्ये शांघायला आले आणि इन्फ्लूएंझाने आजारी पडले. या हॉटेलच्या खोलीत अंथरुणावर असतानाच त्यांनी ‘प्रायव्हेट लाइव्ज’ हे नाटक काही दिवसांत लिहून काढले. चार्ली चॅप्लिन १९३६ मध्ये येऊन गेले. सर व्हिक्टर यांच्या मेजवान्या शहरात चर्चेचा विषय असत. कधी सर्कसचा थाट, त्यात यजमान रिंगमास्तरच्या वेषात. कधी बुडत्या जहाजातून पळालेल्या उतारूंच्या वेषात सारे पाहुणे. यजमान कॅमेरा घेऊन त्यांची छायाचित्रे काढीत आणि रोज रात्री रोजनिशी लिहीत. त्या रोजनिशा आणि छायाचित्रे अमेरिकेत डलास येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन झालेली आहेत.

हॉटेलच्या दाराबाहेर मात्र दुसरे शांघाय होते. अनवाणी रिक्षा ओढणारे, सूतगिरण्यांत बारा-बारा तास राबणाऱ्या मुली, कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर मरणारी माणसे आणि त्यांचे बेवारस देह सकाळी उचलून नेणाऱ्या धर्मादाय संस्था. मुंबईतील ज्या असंतोषाला कंटाळून सर व्हिक्टर निघाले, त्याची सारी कारणे येथेही होती. फरक इतकाच, की ती त्यांच्या हॉटेलाच्या खिडकीतून वेगळ्या भाषेत बोलत होती.

आसरा

१९३७ च्या उन्हाळ्यात जपानने चीनवर चढाई केली. १४ ऑगस्ट रोजी नदीतील जपानी युद्धनौकेवर नेम धरणाऱ्या चिनी विमानांचे बाँब चुकून नानकिंग रस्त्यावर, कॅथे आणि समोरच्या पॅलेस हॉटेलच्या मध्ये पडले. लढाईतून पळून आलेल्या निर्वासितांनी रस्ता फुलून गेला होता. त्याच दुपारी शहराच्या दुसऱ्या भागातही बाँब पडले. दोन्ही ठिकाणी मिळून हजाराहून अधिक माणसे प्राणास मुकली. शांघाय सुरक्षित आहे, या समजुतीला त्या दिवशी तडा गेला.

सर व्हिक्टर यांच्या चरित्रातील सर्वांत उजळ पान मात्र यानंतरचे आहे. १९३८ पासून जर्मनी आणि ऑस्ट्रियातून नाझींच्या तावडीतून सुटलेले ज्यू शांघायला येऊ लागले. जगातील बहुतेक देशांनी दारे लावून घेतली असताना व्हिसाविना उतरता येईल असे हे बंदर होते. पुढील दोन-तीन वर्षांत येथे सुमारे १८ ते २० हजार निर्वासित आले. सर व्हिक्टर यांनी आपल्या ‘एम्बॅंकमेंट’ या भव्य इमारतीचा काही भाग त्यांच्यासाठी खुला केला. बोटीवरून उतरणाऱ्या माणसाला तेथे अंथरूण आणि गरम जेवण मिळू लागले. त्यांनी पैसा दिला आणि इतरांकडूनही मिळविला. जपानी अधिकाऱ्यांनी त्यांना आपल्या बाजूला वळविण्याचे प्रयत्न केले, त्यांना दाद दिली नाही. ज्या माणसाने श्रीमंतांसाठी खोल्या बांधल्या, त्याच्याच छपराखाली सर्वस्व गमावलेली कुटुंबे काही काळ विसावली. बगदादहून परागंदा झालेल्या पणजोबांची आठवण त्यांना त्या वेळी झाली असेल, असे मानले तर ते वावगे ठरू नये.

असे असले तरी एक प्रश्न मनात येतोच. निर्वासितांना पाहून ज्या हृदयाला पाझर फुटला, ते लालबागच्या कामगाराकडे पाहताना हिशेबाच्या वहीतच का अडकून राहिले? कदाचित आपल्या माणसांचे दुःख लवकर दिसते. कदाचित कामगार हा त्यांच्या लेखी खर्चाच्या रकान्यातला आकडा होता, तर निर्वासित हा माणूस. हा दोष एकट्या सर व्हिक्टर यांचा नव्हता. त्यांच्या काळातील आणि त्यानंतरच्याही अनेक दानशूर उद्योगपतींच्या चरित्रांत हीच फट दिसते.

निरोप

डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजांनी आंतरराष्ट्रीय वसाहत ताब्यात घेतली, तेव्हा सर व्हिक्टर शहरात नव्हते. १९४३ मध्ये त्यांनी मुंबईतील गिरण्याही विकून टाकल्या. महायुद्ध संपले, शांघाय परत चीनच्या राष्ट्रीय सरकारकडे आले, परंतु जुने दिवस परतले नाहीत. मे १९४९ मध्ये कम्युनिस्ट सैन्य शहरात शिरले. १९५२ मध्ये ससून यांच्या तेथील मालमत्ता नव्या सरकारच्या हाती गेल्या. १९५६ पासून कॅथे हॉटेल ‘पीस हॉटेल’ झाले.

सर व्हिक्टर यांनी अखेरचा मुक्काम बहामा बेटांवरील नासाऊ येथे केला. घोड्यांचा छंद मात्र सुटला नाही. इंग्लंडची मानाची डर्बी शर्यत त्यांच्या घोड्यांनी १९५३, १९५७, १९५८ आणि १९६० अशी चार वेळा जिंकली. १९५३ ची शर्यत राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकानंतर चार दिवसांनी झाली. त्यात सर व्हिक्टर यांच्या ‘पिंझा’ने खुद्द राणीच्या घोड्याला मागे टाकले होते. १९५९ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांनी आपली शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेशी, एव्हलिन बार्न्स यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९६१ मध्ये नासाऊ येथे त्यांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते. मुंबईचे नाव जोडलेली ती बॅरोनेटची पदवी मुंबईपासून हजारो मैलांवर त्यांच्याबरोबरच संपली.

सर व्हिक्टर यांच्या आयुष्याचा विचार करताना जाणवते ते असे, की शहरांशीही त्यांचे नाते हॉटेलातील पाहुण्याचे होते. पाहुणा मनापासून राहतो, सढळ हाताने खर्च करतो, कधी उपकारही करून जातो. पण गैरसोय वाढली की सामान बांधून निघण्याची मुभा त्याला असते. मुंबईत संप झाला, ते शांघायला गेले. शांघायमध्ये क्रांती झाली, ते बहामाला गेले. भांडवलाला पाय असतात. कोकणातून आलेला विणकर किंवा शांघायचा रिक्षावाला यांना तशी मुभा नव्हती. त्यांना होते त्याच शहरात, होते त्याच दिवसांत उभे राहणे भाग होते.

मागे राहिल्या त्या इमारती. पीस हॉटेल २००७ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाले आणि २०१० मध्ये जुन्या वैभवासह पुन्हा उघडले. मुंबईतील ससून समूहाच्या गिरण्या विक्रीनंतर ‘इंडिया युनायटेड मिल्स’ झाल्या आणि पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. त्याच समूहातील सहा क्रमांकाची गिरणी म्हणजे दादरच्या चैत्यभूमीजवळची इंदू मिल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकासाठी तिच्या जागेवर २०१५ मध्ये भूमिपूजन झाले. शांघायमध्ये पर्यटक हिरव्या पिरॅमिडचे छायाचित्र घेतात, तेव्हा त्या इमारतीच्या कथेचा पहिला अध्याय गिरणगावात लिहिला गेला होता, याची नोंद मुंबईकराने तरी ठेवायला हवी.